सशिणीचं माहेर

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक ठकूबाई राहायची. राजा नाही, राणी नाही, आज आपली ठकूबाईच. घर एवढंसं, पण मागचं परडं बघत राहावं असं. कडेला मुळे, मध्ये पालक, थोडी कोथिंबीर आणि दोन वाफे मेथी. मेथी इतकी कोवळी की खुडताना नुसतं कट् वाजायचं.

ठकूबाईला एकच लेक, सुगंधा. लांबच्या गावी दिलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मग कुठे तिला दिवस गेले. ठकूबाईचा आनंद गगनात मावेना. पण सुगंधाच्या पोटात अन्नाचा कण टिकेना, बरं का. भात नको, भाकरी नको, दूधसुद्धा नको. पोरगी वाळून काडी झाली. मग तिनं सांगावा धाडला, आठ दिवसांनी माहेरी येते, आईच्या परड्यातली मेथी मिळाली तरच दोन घास जातील. बाजारची मेथी का नको म्हणून विचारू नका. डोहाळे ते डोहाळे.

ठकूबाई हरखून सकाळीच परड्यात गेली. बघते तर काय, एक वाफा साफ. नुसते देठ उभे. आणि मधोमध पाच-सहा ससे मिशा पुसत बसलेले. तिला पाहिलं आणि टुणटुण उड्या मारत पसार झाले.

मग ठकूबाईनं बोरीचे काटे आणले. हात ओरबाडून घेतले, पण परड्याभोवती पक्कं कुंपण घातलं. सशांनी काट्यांकडे एकदा बघितलं आणि खालून बीळ उकरलं. दुसऱ्या दिवशी आणखी चार ओळी गेल्या.

मग तिनं बुजगावणं केलं. नवऱ्याचा जुना कोट, त्याचंच पागोटं आणि वर मडक्याचं डोकं. आता हा ठकूबाईचा नवरा, देव त्याला सुखात ठेवो, जन्मात कुणावर ओरडला नव्हता. ती कोळशानं राक्षसाचं तोंड काढायला बसली आणि हातून निघालं त्याचंच हसरं तोंड. पुसायचं तिच्या जिवावर आलं. ससे कशाला घाबरतायत? त्याच्या सावलीत बसून आरामात जेवले.

मग तिनं लसूण-मिरची वाटली आणि ते पाणी पानापानावर शिंपडलं. सकाळी परड्यातून शिंका ऐकू आल्या. ठकूबाई खूश. जाऊन बघते तर ससे एक घास खातायत, एक शिंक देतायत, पुन्हा घास खातायत. मेल्यांना चटक लागली होती.

आता उरली मेथीची एकच ओळ. सुगंधा यायला उरले पाच दिवस. ठकूबाईचं डोकं फिरलं. तिनं पदर खोचला, काठी घेतली आणि सशांच्या लेंड्यांचा माग काढत निघाली. हसू नका, लेंड्याच होत्या. तिनं बांध ओलांडला, ओढा ओलांडला आणि करवंदीच्या जाळीपाशी आली. जाळीखाली बीळ. वाकून आत बघते तर एक पांढरी सशीण निजलेली. स्वतःच्या अंगावरचे केस उपटून तिनं अंथरूण केलं होतं. त्यावर सात पिल्लं, अंगठ्याएवढी, अजून डोळेही न उघडलेली. बाकीचे ससे तोंडातून मेथी आणून तिच्यापुढे ठेवत होते.

ठकूबाईचा काठीचा हात खाली आला. ती फार ओशाळली. "अगं बाई," ती म्हणाली, "ओल्या बाळंतिणीच्या दारात मी रिकाम्या हातानं आले."

तशीच तरातरा घरी आली. उरलेली ओळ खुडली, टोपलीत भरली, दृष्ट लागू नये म्हणून वर फडकं घातलं आणि बिळापाशी नेऊन ठेवली. परत येऊन पायरीवर बसली, तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. मेथी संपली. आता सुगंधाला काय घालायचं? तिनं कपाळावर हात मारला आणि घळाघळा रडली बिचारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या दाराशी खुडबुड झाली. ठकूबाई दार उघडते तर पायरीवर तिची टोपली आणि टोपलीमागे ती पांढरी सशीण. टोपलीत कापसासारखे मऊ केस भरलेले. सशीण चक्क माणसासारखी बोलली, बरं का.

"आई, बाळंतिणीनं टोपली रिकामी कशी पाठवायची? बाळाला याचं टोपडं कर."

ठकूबाईला हुंदका आवरेना. लेक येतेय आणि तिला घालायला घरात मेथीचं पान नाही, हे तिनं सशिणीला सांगून टाकलं.

सशीण म्हणाली, "तू मला बाळंतपणाचं आणलंस, तेव्हाच हे माझं माहेर झालं. माहेरात कुणी कुंपणाखालून शिरतं का?"

मग सगळे ससे पुढच्या दारानं आत आले. रांगेनं परड्यात गेले, मेथीच्या वाफ्यांभोवती गोल बसले आणि सगळ्यांनी मागचा पाय एकदम आपटला. धप. देठांना कोंब फुटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. धप. पानं आली. तिसऱ्या दिवशी धप, आणि मेथी वीतभर. एका लहानग्या सशाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. एक पान कुणी खाल्लं नाही.

मग सुगंधा आली. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. ठकूबाईनं मूगडाळ घालून मेथीची भाजी केली, गरम भाकरी केली आणि समोर बसली. सुगंधानं पहिला घास घेतला. दुसरा घास घेतला. तिसरा घेतला. सगळे पोटात राहिले. मग सुगंधानं ताट पुढे केलं.

"आई, अजून वाढ."

ठकूबाईनं तोंड फिरवून डोळे पुसले आणि भरपूर वाढलं.

पुढे सुगंधाला गुटगुटीत मुलगी झाली. सशीणही आपली सात पोरं घेऊन माहेरपणाला यायची, पुढच्या दारानं, आणि पोटभर जेवून जायची. सगळी सुखात राहिली. सुगंधा जेवली, सशीण जेवली, पिल्लं तर केव्हाच झोपली. आता तुम्हीही पांघरूण ओढा आणि गपचूप झोपा. आणि भिंतीकडेच्या सशाचे डोळे अजून उघडे आहेत, ते मला दिसतायत हं.