पुन्हा पहिल्यापासून

"चूक झाली की काय करतोस?"

"पुन्हा पहिल्यापासून वाजवतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. चूक तशीच ठेवून पुढं जाणारा मी नाही, मास्तर."

कैतान मास्तर अंगणात बसून केळीच्या खोडाचं सुकं सोपट फाडत होते. त्याचे बंद पानवेली बांधायला लागतात. त्यांनी मान वर केली नाही.

वसईकडच्या त्या वाडीत गिटार शिकवणारे ते एकटेच. शाळा तिसरीपर्यंत. पोट पानवेलींच्या बागेवर. लग्नात वाजवलं, चर्चमधल्या मिस्सेला वाजवलं, दफनालाही वाजवलं.

समोर उभा होता तो आल्विन. पूर्वी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकला, मग मुंबईच्या क्लासला गेला. परीक्षा दिल्या. दाखले भिंतीवर टांगले. त्यानंतर या अंगणात त्यानं पाऊल ठेवलं नव्हतं. आज आला, कारण अडलं होतं.

"गाणं कुठलं?"

"बाबांचं. आईसाठी बांधलेलं."

मास्तरांचे हात थांबले.

आल्विनचा बाप बावतीस चार वर्षांपूर्वी गेला. ते गाणं तो आपल्या ओटीवर बसून वाजवायचा. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. मागे राहिली ती एक वही. तिच्यात सूर लिहिलेले होते, एवढंच.

"आई अंथरुणावर आहे," आल्विन म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. तिनं एकच मागितलंय. ते गाणं एकदा शेवटपर्यंत ऐकायचंय."

"मग ऐकव."

"तयार नाही अजून. मधे एक जागा आहे. हात खालच्या सुरांवरून एकदम वर न्यायचा. तिथं बोट घसरतं. आठ महिने झाले. रोज तीन तास दार लावून बसतो. पण तिथून पुढं सरकत नाही."

"दार कशाला लावतोस?"

"चुका कशाला ऐकवायच्या कुणाला?"

"हं…"

"बोटांचा काही व्यायाम असेल तर सांगा. क्लासच्या सरांनी सहा दिले. सहाही केले."

"सातवा मी द्यावा म्हणतोस."

"येत असेल तर."

मास्तर रागावले नाहीत. हसलेही नाहीत. त्यांनी बंद गुंडाळून ठेवले, रांजणातल्या पाण्यानं हात धुतले.

"चल. तुझ्या आईला भेटतो."

"आणि व्यायाम?"

मास्तर तोवर बावखलाच्या पाण्याकाठानं चालायला लागले होते. आल्विन मागून निघाला.

रेजीना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्या भिंतीपलीकडे आल्विनची खोली. भिंत पुरुषभर उंच, वर कौलांपर्यंत मोकळी.

"रेजीना, ओळखलंस?"

"मास्तर ना? म्हातारे झालात."

"तू कुठं कोवळी राहिलीस?"

ती हसली. हसता हसता खोकली. आल्विननं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं हातानंच नको म्हटलं.

"बावतीसचं गाणं आठवतं?"

"न आठवायला काय झालं? रोज ऐकते की." तिनं हनुवटीनं भिंत दाखवली.

आल्विनचा चेहरा उतरला. "आई, मी दार लावतो…"

"दार लावतोस रे बाबा. वरून मोकळंच आहे ना सगळं."

"जरा गुणगुण बघू," मास्तर म्हणाले.

रेजीनानं डोळे मिटले. आवाज सुतासारखा बारीक, पण सूर पक्का होता. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसरीला सूर चढायला लागला…

आणि ती थांबली. एक श्वास घेतला. पुन्हा पहिली ओळ धरली.

मास्तर ऐकत होते.

पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चढ. थांबली. श्वास. पुन्हा पहिली.

तिसऱ्यांदाही तेच.

"पुढचं?" मास्तरांनी विचारलं.

"पुढचं काय?"

"गाण्याचं पुढचं. त्यानंतर बावतीस काय वाजवायचा?"

रेजीनानं डोळे उघडले. कौलांकडे बघत राहिली. ओठ हलले. सूर आला नाही.

"होतं काहीतरी… होतं, मास्तर. तिथंच तर तो माझ्याकडे बघायचा…"

पुन्हा ओठ हलले.

"जाऊ दे. आता एवढंच येतं."

आल्विन दाराला टेकून उभा होता. त्यानं आईकडे पाहिलं नाही. मास्तरांकडेही पाहिलं नाही.

दोघं ओटीवर आले.

"जा," मास्तर म्हणाले. "गिटार घे. तिच्या उशाशी बस आणि वाजव."

"आत्ता?"

"आत्ता."

"चुकेल."

"चुकेल."

"तिला शेवटचं ऐकायला मिळणार ते असलं मोडकं? बाबांचं गाणं?" आल्विनचा आवाज चढला. मग आईच्या दाराकडे बघून त्यानं तो खाली आणला. "आठवडाभर द्या मला. एकच आठवडा. स्वच्छ वाजवीन."

"माझ्याकडे कशाला मागतोस? आत जाऊन तिच्याकडे माग."

आल्विन म्हणाला,

"तुम्ही मांडवात वाजवलंत, मास्तर. तिथं लोक नाचतात. चूक कुणाच्या लक्षात येत नाही."

"नाही येत."

"मला तसं नाही वाजवायचं."

"दिसतंय."

मास्तरांनी चपला घातल्या आणि ते निघाले. परत वळून पाहिलं नाही.

त्या दुपारी आल्विनच्या खोलीचं दार लागलं. तीन तासांचे पाच झाले. जेवण दाराशी निवायचं. आईला पेज भरवायला शेजारची सांतान यायची. ती एकदा दारावर थाप मारून म्हणाली, "अरे, आईजवळ बस घटकाभर." आतून उत्तर आलं, "आलोच."

भिंतीवरून सूर येत राहिले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी.

सहाव्या सकाळी तो वाजवत होता. त्याच जागी बोट घसरलं. त्यानं हात झटकला, पुन्हा पहिल्या सुरावर ठेवला.

दार धाडकन उघडलं. सांतान उभी होती. हातात पेजेची वाटी, भरलेली.

"बास कर, आल्विन. आई गेली."

"कधी?"

सांतानला ते सांगता आलं नाही. ती आली तेव्हा हात गार पडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्सा झाली. शवपेटी दफनभूमीत आणली. वाडी सगळी लोटली होती. रेजीनानं कुणाची बाळंतपणं केली होती, कुणाच्या लग्नाला रात्रंदिवस राबली होती. बायका रडत होत्या. पुरुष टोप्या काढून उभे होते.

त्या वाडीत एक रिवाज आहे. पेटी खाली उतरली की प्रत्येक जण मुठीत माती घेतो. मग घरातलं कुणीतरी गाणं म्हणतं, नाहीतर वाजवतं. गाणं पुरं झालं की माती टाकायची. त्याआधी मूठ उघडायची नाही.

रेजीनाच्या घरातलं आता एकच माणूस उरलं होतं.

आल्विननं गिटार गळ्यात अडकवली. कैतान मास्तर त्याच्या मागे उभे होते. त्यांच्याही मुठीत माती होती.

फादरांनी मान हलवली. आल्विननं तार छेडली.

पहिली ओळ लागली. इतकी स्वच्छ ओळ त्या वाडीत कुणी ऐकली नव्हती. रडणाऱ्या बायका गप्प झाल्या. दुसरी ओळ झाली. म्हाताऱ्यांना बावतीस आठवला. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तिसरी ओळ सुरू झाली. सूर चढला. हात वर गेला…

बोट घसरलं. तार खरखरली.

हात थांबला.

कुणी हललं नाही. माडांत वारा होता, तेवढाच आवाज.

आल्विनचा डावा हात हळूहळू खाली सरकला आणि पहिल्या सुरावर जाऊन बसला. त्यानं तो नेला नव्हता. हात आपोआप गेला होता.

फादरांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीचा हात कापत होता. तिनं दुसऱ्या हातानं मूठ आवळून धरली. तरी बोटांच्या फटीतून माती गळत होती.

मागे न वळता आल्विन पुटपुटला,

"मास्तर… एकदाच. पुन्हा पहिल्यापासून घेतो."

मास्तर एक पाऊल पुढं आले. त्याच्या कानाशी वाकले.

"लोकांनी मुठीत माती धरलीय, आल्विन."