रंगोबाशेठची दर्शनी बाग

एका गावात एक भांड्यांचे व्यापारी राहत, आणि आपण राहतो हे गावाला विसरू न देण्याची ते रोज काळजी घेत. त्यांचे नाव रंगोबाशेठ. घरात पाणी प्यायला डाग पडलेला तांब्या होता, पण ओट्यावर मांडलेल्या घागरी अशा लखलखीत, की येणारेजाणारे त्यांत बघून टोपी सरळ करत.

वैशाखात त्यांच्या मुलीचे, मथूचे, लग्न झाले. जेवणाच्या पंगतीत विहीणबाईंसमोर शेठची जीभ नेहमीप्रमाणे सैल सुटली. "श्रावणात मंगळागौर आमच्याकडे! फुलं, पत्री, सगळं आमच्या बागेतलं. बाजारातलं एक पान आणणार नाही."

बाग कुठे होती? बाग नव्हतीच. शब्द मात्र गेला होता, आणि तो खोटा पडला तर सासरी मान खाली जाणार होती ती मथूची.

दुसऱ्या दिवशी शेठ जागा निवडायला निघाले. ऊन कुठे पडते, पाणी कुठे मुरते, हे काही त्यांनी पाहिले नाही. ते भर रस्त्यात जाऊन उभे राहिले. देवळातून येणाऱ्याला काय दिसेल? चावडीवर बसलेल्याला काय दिसेल? शेवटी पुढच्या ओट्याखालची पट्टी त्यांनी पक्की केली. वर दुकानाच्या पत्र्याची सावली आणि खाली गिऱ्हाइकांच्या जोड्यांनी तुडवून फरशीसारखी झालेली जमीन!

त्यांची बायको गोदाबाई म्हणाली, "अहो, मागच्या दारी धुण्याच्या दगडाजवळ लावा की. ऊन तिथं येतं, न्हाणीचं पाणी तिथं जातं, आणि माझीही दिवसभर तिथंच ये-जा असते."

"मागच्या दारी?" शेठ हसले. "अगं, मागच्या दारची बाग म्हणजे सदऱ्याच्या आत घातलेली सोन्याची साखळी. कुणाला दिसणार?"

झाले. थाटात रोपे लागली. रस्त्यावरचे लोक थांबून बघत, शेठ छाती फुगवून बघणाऱ्यांकडे बघत. या बघाबघीत रोपांना पाणी घालायचे राहून जाई. आठवड्याभरात रोपांनी माना टाकल्या. कोणी तरी विचारले, "शेठ, वांगी लावलीत का?" लोकांत शोभा नको म्हणून शेठनी सुकलेली रोपे उपटून भिंतीवरूनच मागच्या दारी भिरकावली आणि नवी आणून लावली. ती बकरीने चाखून बघितली. उरलेलीही मागच्या दारी गेली. पुन्हा नवी आली. पुन्हा तेच.

बघता बघता श्रावणातला मंगळवार उजाडला. पुढच्या दारी फक्त काड्या उभ्या होत्या. आपली फजिती झाली तर झाली, पण पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील, या विचाराने आज मात्र शेठचे डोळे भरून आले. पण खोड काही सुटेना. उजाडताच ते बाजारात धावले, फुले आणली आणि हाताला येईल त्या काडीला दोऱ्याने बांधून टाकली.

विहीणबाई आल्या. बाग बघून म्हणाल्या, "वा! परडी आणा. गौरीची फुलं मी माझ्या हाताने खुडते."

"अहो, तुम्ही कशाला? आधी चहा घ्या, बसा," शेठ आडवे आले. पण विहीणबाईंनी हात घातलाच. फूल ओढताच दोरा ताणला, आणि काडी मुळासकट हातात आली.

विहीणबाईंनी ती डोळ्यांजवळ धरली. "शेठ, तुमच्याकडे जास्वंदीला झेंडू येतो वाटतं?"

मथू दारात उभी होती. तिची नजर जमिनीला खिळली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे शेठना वाटले.

तेवढ्यात गोदाबाई पुढे आली. "विहीणबाई, आधी मागच्या दारी पाय धुवायला चला."

सगळे मागे गेले. शेठही गेले. आपल्याच घराच्या मागच्या दारी त्यांचे पाऊल कित्येक वर्षांनी पडत होते. धुण्याच्या दगडाभोवती तेरडा दाटला होता, झेंडू पिवळाधमक फुलला होता, गोकर्ण भिंतीवर चढली होती. आघाडा आणि दूर्वा तर न बोलावताच आल्या होत्या.

"ही झाडं कुणाची?" शेठनी विचारले.

"तुमचीच," गोदाबाई म्हणाली. "तुम्ही फेकून दिलेली. जीव होता त्यांच्यात, म्हणून येता-जाता खोचली."

विहीणबाईंनी परडी काठोकाठ भरली. मग मथूला जवळ ओढून तिच्या केसांत एक फूल माळले आणि म्हणाल्या, "आमची सून इतकी गुणाची कशी, हे कोडं आज सुटलं. ही पोर पुढच्या दारी वाढलेलीच नाही!"

मथू हसली आणि आईला बिलगली. शेठनी गुपचूप बादली उचलली आणि तेरड्याला पाणी घातले.

तात्पर्य: बाग असो की माणूस, लोकांची नजर जिथे पडते तिथे नव्हे, तर आपला हात रोज जिथे फिरतो तिथे रुजतो.