टोकाजीच्या तीन अर्ध्या ढोल्या

रानात माणसाची कुऱ्हाड शिरली नव्हती, त्या काळची गोष्ट. टोकाजी नावाचा सुतारपक्षी पाखरांना झाडात ढोल्या कोरून देई. कुणालाच नाही म्हणणं त्याला जमत नसे. म्हणून सकाळी पोपटिणीच्या आंब्यावर थोडं कोरायचं, दुपारी साळुंकीच्या हिरड्यावर, संध्याकाळी ओढ्यापलीकडे पिंगळ्याच्या उंबरावर. उडून उडून पंख भरून येत, पण ढोली एकही पुरी होत नव्हती.

एके दिवशी पोपटीण रडवेली होऊन म्हणाली, "टोकाजीदादा, तुमची चोच रोज वाजते. पण अंडी घालायची वेळ आली, ती ठेवू कुठे?"

टोकाजी वरमला. त्याने तिघांनाही बोलावलं. "आधी हिची ढोली पुरी करतो. साळुंकीताई, तुमची पंचमीला. पिंगळेबुवा, तुमची पौर्णिमेला."

साळुंकी फणकारली, पण पोपटिणीकडे पाहून तिने मान डोलावली.

टोकाजी आंब्यावरून हललाच नाही. दुसऱ्या दिवशी पोपटिणीने ढोलीत पहिलं अंडं घातलं. साळुंकीचं घर पंचमीला झालं, पिंगळ्याचं पौर्णिमेच्याही आधी.

"बुवा, तुम्हाला फार थांबवलं," टोकाजी म्हणाला.

"थांबण्याचा त्रास नव्हता रे," नव्या ढोलीत शिरत पिंगळा म्हणाला, "कधीपर्यंत थांबायचं ते कळत नव्हतं, त्याचा होता."