महाराजांच्या अंगरख्यावरचं शेपूट

“माझ्या कुत्र्याने स्वतः ओळखलं पाहिजे!” रणधवल महाराज सिंहासनाच्या हातावर मूठ आपटून म्हणाले. “माणसांनी ओळखून काय उपयोग? माणसं मला भिऊन काहीही ओळखतात!”

समोर सगुणा शिंपीण उभी होती. चिंचणगडच्या बाजारात तिचं खिडकीएवढं दुकान होतं आणि त्यात पायाने चालवायचं एक शिलाई मशीन. त्या मशीनवर ती लहान मुलांची झबली, टोपडी शिवायची आणि प्रत्येकावर दोऱ्याने एक कुत्रा भरायची. बसलेला कुत्रा, पळणारा कुत्रा, भाकरी पळवणारा कुत्रा. पोटावर कुत्रा असल्याशिवाय गावातली पोरं दूध पीत नसत म्हणे!

घोटाळा झाला तो जत्रेत. एका बाईने आपलं बाळ महाराजांसमोर धरलं आणि कौतुकाने म्हणाली, “महाराज, झबल्यावर बघा, तुमचा लाडोबा!”

महाराजांनी वाकून पाहिलं. झबल्यावरच्या कुत्र्याचे दोन्ही कान ताठ! महाराजांच्या लाडोबाचा एक कान उभा असे आणि दुसरा सादळलेल्या पापडासारखा पडलेला.

“हा लाडोबा?” महाराज गरजले. “हा तर कोल्हा आहे! भिजलेला कोल्हा!”

म्हणून आज सगुणाला बोलावणं आलं होतं.

“महाराज, तो लाडोबा नव्हताच,” ती म्हणाली. “तो आपला असाच, बिनमालकाचा कुत्रा.”

“मग आता लाडोबाच काढ! माझ्या अंगरख्यावर! येत्या बाजाराच्या दिवशी भर दरबारात लाडोबाने त्याला ओळखून शेपूट हलवलं पाहिजे. नाही हलवलं, तर तुझं मशीन जप्त!”

 त्या मशीनवरच सगुणाची आणि तिच्या म्हाताऱ्या सासूची चूल पेटत होती.

बाहेर पडताना दिवाणजी मिश्यांत हसत म्हणाले, “सगुणा, मशीन आजच पुसून ठेव. गेल्या साली परगावचा चितारी आला होता. लाडोबाचं हुबेहूब चित्र काढलं त्याने. लाडोबा आला, चित्राजवळ गेला आणि त्याने तंगडी वर केली!”

“म्हणजे मत तरी दिलं,” सगुणा म्हणाली. “मला एकदा भेटू द्या त्याला.”

लाडोबा मखमली गादीच्या शेजारी, नुसत्या फरशीवर, तोंड पाडून पडला होता. सगुणा त्याच्याजवळ उकिडवी बसली. लाडोबा उठला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला वळसा घालून मागे गेला, तिचं लुगडं हुंगलं आणि मग शेपूट थोडंसं हलवलं.

“अगं बाई, अशी रीत आहे होय तुझी!” सगुणा हसली. “पण हा असा रुसलाय का, दिवाणजी?”

“याची जुनी गोधडी मी काढून टाकली. चिंध्या झालेल्या, वर वास! मखमल दिली, तर हे साहेब फरशीवर झोपतात!”

“ती गोधडी मला द्या. भरतकामाला मागून जाड कापड लावावं लागतं, नाहीतर चुण्या पडतात.”

“महाराजांच्या अंगरख्याला ती घाण? कोठारातलं रेशीम ने!”

“रेशीम घसरतं, दिवाणजी. मागचं कापड हट्टी लागतं. हललं नाही पाहिजे.”

“महाराजांसारखं?”

“हे तुम्ही म्हणालात हं!”

दिवाणजींनी घाईघाईने गोधडी देऊन टाकली.

बाजाराचा दिवस उजाडला. महाराज नवा पांढराशुभ्र अंगरखा घालून दरबारात आले. छातीवर लाडोबा! एक कान उभा, एक पडलेला, नाकावर पांढऱ्या दोऱ्याचा, ओला भासणारा ठिपका. “वा! वा!” सगळे म्हणाले.

मग खऱ्या लाडोबाला आणलं. त्याने महाराजांकडे पाहिलं. छातीकडे पाहिलं. आणि भली मोठी जांभई दिली.



“मशीन आणायला बैलगाडी जुंपून तयार आहे, सरकार!” दिवाणजी म्हणाले.

“थांबा,” सगुणा म्हणाली. “महाराज, जरा पाठ फिरवता का?”

“पाठ? आमच्या घराण्यात कुणी शत्रूलाही पाठ दाखवली नाही!”

“शत्रूला नको. लाडोबाला दाखवा.”

महाराज कुरकुरत वळले. अंगरख्याच्या मागे, कमरेच्या खाली, एक झुपकेदार वळलेलं शेपूट भरलेलं होतं! दरबाऱ्यांनी तोंडात उपरणी कोंबली.

लाडोबाचं नाक थरथरलं. पडलेला कानसुद्धा क्षणभर उभा राहिला! त्याने धाव घेतली, नाक त्या शेपटाला चिकटवलं आणि असं शेपूट हलवलं की शेपटामागून सगळा कुत्राच हलू लागला. महाराज पुढे सरकले, की लाडोबा मागे. महाराज गर्रकन वळले, की लाडोबाही गर्रकन!

“अगं, तोंड पुढे आहे! हा मागे काय शोधतोय?” महाराज ओरडले.

“महाराज, माणूस माणसाला पुढून ओळखतो, कुत्रा कुत्र्याला मागून. तोंड मी दरबारासाठी भरलं, शेपूट लाडोबासाठी!”

“लबाडी!” दिवाणजी किंचाळले. “सरकार, शेपटाच्या आत त्याची गोधडी आहे! त्याने वासाने ओळखलं!”

“मग कशाने ओळखायचं होतं, दिवाणजी?” सगुणाने विचारलं. “लाडोबाने ओळखायचं, म्हणजे लाडोबाच्या नाकानेच ना! की त्याला तुमचा चष्मा लावायचा होता?”

महाराज इतके हसले, इतके हसले की अंगरख्याचे बंद सुटले. अंगरखा खाली घसरला. लाडोबाने तो ओढून घेतला, त्यावर गोल गोल फिरला आणि शेपटावर नाक ठेवून गाढ झोपला. कितीतरी दिवसांनी!

त्याची झोप मोडू नये म्हणून महाराज हळू आवाजात म्हणाले, “दिवाणजी, गाडी जुंपलेलीच आहे ना? कोठारातल्या कापडाच्या ताग्यांनी ती भरा आणि सगुणाच्या दुकानी पोचवा. आणि सगुणा, दरबारातल्या सगळ्यांचे अंगरखे आता तूच शिवायचे. पुढे तोंड, मागे शेपूट!”

“माझासुद्धा?” दिवाणजी कुजबुजले.

“तुमचा तर आधी! सगुणा, गोधडीचा उरलेला सगळा तुकडा यांच्या मागे लाव!”