खारीचे पहिले मत

नदी जिथे वळण घेते तिथल्या दाट रानात, पाणवठ्याला लागून असलेल्या एका जांभळीवर एक तरुण खार राहत असे. स्वभावाने गरीब, पायाने चपळ आणि डोक्याने, खरे सांगायचे तर मुलांनो, जरा गोंधळलेली. तिला बुद्धी नव्हती असे नाही. पण तिच्या डोक्यात एका वेळी इतके प्रश्न असत, की पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत चौथा येऊन उभा राही.

त्या वर्षी रानात पाणवठ्याचा राखणदार निवडायचा होता. उभे होते दोघेच, एक पाणमांजर आणि एक रानडुक्कर. पाणमांजर पाणी स्वच्छ ठेवी आणि बेताचेच बोले. रानडुकराला लोळायला चिखल हवा होता, आणि त्यासाठी त्याने काठ उकरायला घेतला होता. जांभळीची दोन मुळे त्याने आधीच उघडी पाडली होती. वारा सुटला की झाड पाण्याकडे झुके आणि खारीची ढोली करकरू लागे. "निवडून आलो की हा सगळा काठ मोकळा करतो," असे ते चारचौघांत सांगत फिरे. तसे झाले तर आपले घर जाणार, हे खारीला स्वच्छ दिसत होते. आपले मत पाणमांजराला, एवढे एकच तिचे पक्के होते. पण मत द्यायचे कसे, हे तिला कोण सांगणार? मतदाराचे वय तिने याच वर्षी गाठले होते.

यादीत नाव लागले तेव्हा तिला सालीच्या तुकड्यावर पंजाचा ठसा असलेले ओळखपत्र मिळाले होते. "जपून ठेव हो," आई म्हणाली होती. आता खारीला जपून ठेवायची एकच रीत माहीत. तिने खड्डा खणला, ओळखपत्र आत ठेवले, वर माती लोटली, मातीवर पाने पसरली, आणि दोन उड्यांत जागा विसरून गेली.

मतदानाचा दिवस उजाडला तशी ती उकरायला बसली. दुपारपर्यंत सतरा खड्डे झाले. त्यांत गेल्या वर्षीचे हिरडे निघाले, एक किडका बदाम निघाला, आणि एक साधा दगड निघाला, जो तिने का जपून ठेवला होता हे तिलाही आठवेना. ओळखपत्र काही निघाले नाही. तिला रडू येऊ लागले.

वर फांदीवर कावळा बसला होता. रानातले सगळे आपल्याला कळते, अशी त्याची समजूत होती. "अगं, ओळखपत्र नाही तर मत नाही. संपला विषय," तो म्हणाला. "आणि पंजे बघ तुझे. मत दिलेल्याच्या बोटावर तिथे काळी खूण करतात. तुझी बोटं जांभळं खाऊन आधीच काळीनिळी. हिनं मत देऊन झालंय म्हणतील आणि हाकलून देतील." कावळ्याने स्वतः आजवर एकदाही मत दिले नव्हते, पण ते त्याने सांगितले नाही.

खारीने घाबरून पंजे पोटाखाली लपवले आणि ती वानराकडे गेली. वानर उड्या मारत कुठेतरी निघाले होते. "त्यात काय विचारायचं?" ते म्हणाले. "जिथे रांग लहान दिसेल तिथे शिरायचं. मी तेच करतो. आज मला तीन ठिकाणांहून परत पाठवलं."

"मग आता?" खारीने विचारले.

"आता चौथं ठिकाण शोधतोय," असे म्हणून वानर पुढच्या झाडावर गेले.

खार पायवाटेवर येऊन बसली. आता तर तिला हेही कळेना, की आपले ठिकाण कोणते. एवढ्यात सावलीतून कोल्हा उठून आला. हा रानडुकराचा जिवलग मित्र. जिभेवर साखर घोळवल्याशिवाय तो कधी बोलत नसे. "बाळ, किती दमलीस तू," तो म्हणाला. "एवढ्याशा जिवाला कशाला ही दगदग? घरी जा, पड जरा. तुझा यादीतला क्रमांक तेवढा सांग, तुझं मत मीच देऊन टाकतो. पाणमांजरालाच देतो, अगदी शपथेवर."

खारीला हायसे वाटले. क्रमांक ओठावर आलाही होता. पण सवयीने आधी प्रश्न आला. "कोल्हेकाका, तुम्ही माझं मत दिलंत, तर काळी खूण कुणाच्या बोटावर करतील?"

"माझ्या."

"मग तुम्ही तुमचं मत द्यायला गेलात, की बोटावरची ती खूण बघून तुम्हाला परत नाही का पाठवणार?"

कोल्ह्याची हलणारी शेपटी थांबली. "ते... ते बघू आपण. तू क्रमांक सांग."

खारीला त्याचा डाव कळला, असे मी म्हणणार नाही. पण एवढ्या साध्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याला आपला क्रमांक कशाला सांगायचा, इतके तिला नक्की कळले. "मी एकदा मतदान चाललंय तिथेच जाऊन विचारते," असे म्हणून ती निघाली.

चिंचेच्या झाडाखाली मतदान चालले होते. सपाट खडकावर यादी पसरून म्हातारे कासव बसले होते. काम सावकाश, पण नीट, अशी त्याची ख्याती होती. रांगेत उभी राहून खार पुढे पोहोचली, आणि तिचे सगळे प्रश्न एकदम बाहेर पडले. "कासवआजोबा, ओळखपत्र सापडत नाही, बोटं आधीच रंगलीत, माझं ठिकाण हेच का ते माहीत नाही, आणि मी मत कुणाला दिलं ते कोल्हेकाकांना कळेल का?"

"एकेक विचार," कासव म्हणाले. "कुठे राहतेस?"

"पाणवठ्याच्या जांभळीवर. झुकलेल्या."

कासवाने यादीवरून हळूहळू नख फिरवले. "आहेस. म्हणजे ठिकाण हेच. नाव यादीत नसतं, तर दहा ओळखपत्रं असूनही उपयोग नव्हता. नाव आहे, तर ओळख पटवायला दुसरा पुरावाही चालतो. ढोलीचा दाखला आहे ना?"

"आहे. तो मी अंथरलाय."

"अंथरलेला असला तरी चालेल. घेऊन ये. बोटांचं म्हणशील तर जांभूळ ओल्या पानानं निघतं, आमची बिब्ब्याची खूण निघत नाही. मत मागायला आत कुणी येत नाही. सागाच्या पानांचा आडोसा आहे, दोन बिळं आहेत, बिळांवर दोघांची चिन्हं आहेत. हवं त्या बिळात खडा टाकायचा. तिथे तू आणि खडा, तिसरं कुणी नाही."

"पण मी येईपर्यंत सूर्य डोंगराला टेकला तर?"

"टेकला की रांगेत नवीन कुणाला घेत नाही. पण तोवर जो रांगेत आला, त्याचं मत घेतल्याशिवाय मी इथून हलत नाही."

खार सुसाट निघाली. वाटेत पाणवठ्याच्या काठावरल्या उंबरांपाशी येते तर काय, पाच खारी खाली मान घालून माती उकरत होत्या. "तुमचंही ओळखपत्र?" तिने विचारले. "जपून ठेवलं होतं," पाचही जणी कळवळून म्हणाल्या. खारींची ही सवय कोल्ह्याने फार आधी हेरून ठेवली होती, आणि तिच्याच भरवशावर रानडुक्कर सकाळपासून निवांत लोळत पडले होते. "ढोलीचा दाखला घ्या आणि चला," आपली खार म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाला उत्तर दिले होते, आणि तिचे तिलाच नवल वाटले.

दाखले घेऊन सहाही जणी परत निघाल्या तेव्हा उन्हे तांबूस झाली होती. कोल्हा वाटेत आडवा आला. "कशाला धावता? रांग केवढी आहे पाहिलीत? तुमची पाळी येईपर्यंत सूर्य गेलेला असेल. मतदान संपलंच समजा." एक खार थबकली, दुसरीने मागे वळून पाहिले. क्षणभर आपल्या खारीलाही वाटले, कोल्हेकाका म्हणतात तेही खरे असेल. पण कासवाचे सावकाश बोलणे तिला शब्दन् शब्द आठवत होते. "टेकायच्या आत रांगेत उभं राहिलं की झालं," ती म्हणाली, आणि कोल्ह्याला वळसा घालून पळत सुटली. बाकीच्या तिच्या मागे आल्या.

त्या रांगेत शिरल्या आणि थोड्याच वेळात सूर्य डोंगराला टेकला. कासव उठले, रांगेच्या शेवटाशी आले आणि एकेकाच्या हातात पळसाचे पान देऊ लागले. बाकीच्यांना पुढे करून आपली खार सगळ्यांत मागे उभी राहिली होती, तिला पहिले पान मिळाले. "म्हणजे मी पहिली जाऊ?" तिने गोंधळून विचारले. "नाही गं. शेवटाकडून वाटतो, म्हणजे तुझ्यामागे आता कुणी घुसायला नको," कासव म्हणाले. कोल्हा खरेच तिच्यामागे येऊन उभा होता. पानाशिवाय तो तसाच माघारी गेला.

खारीची पाळी आली. दाखला पाहून झाला, ओल्या पानाने जांभळाचा रंग पुसला गेला, बोटावर बिब्ब्याची काळी रेघ उमटली. आडोशामागे ती एकटीच उरली. दिवसभर डोक्यात चाललेला कालवा तिथे एकदम थांबला. तिने पाणमांजराच्या बिळात खडा टाकला, आणि तो आत पडल्याचा बारीक आवाज कान देऊन ऐकला. तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी खडे मोजले. पाणमांजर चार खड्यांनी निवडून आले. खारी होत्या सहा. त्या घरी बसल्या असत्या तर काय झाले असते, ते मुलांनो, तुम्हीच सांगा.

पुढे पाणमांजराने जांभळीच्या उघड्या मुळांवर माती लोटून घेतली. त्या गडबडीत एका मुळाखाली सालीचा एक तुकडा निघाला. खारीने तो पुसला, आपल्या पंजाचा ठसा ओळखला आणि तुकडा ढोलीत नेऊन ठेवला. रानडुकराने काठ उकरला असता, तर ओळखपत्र तेव्हाही सापडलेच असते. फक्त ते घेऊन परतायला घर उरले नसते.

तात्पर्य : पहिल्यांदा मत देताना शंका येणारच, त्यांची लाज वाटू देऊ नये, मात्र त्या विचाराव्यात ज्याच्यापुढे यादी आहे त्याला, वाटेत भेटेल त्याला नव्हे.