रुमालाखालचा हात

“…मग एवढंच सांगा बाबा, या चौघांतले माझे वडील कोणते?”

“कोण चौघं?” दस्तगीरबाबांनी विचारलं. ते पिराच्या चौथऱ्यावरचा लिंबाचा पाला झाडत होते. खराटा काही थांबला नाही.

“विस्तव, पाणी, वारा आणि दगड,” भरतेश म्हणाला. “माणसं या चारच तऱ्हांची असतात. तऱ्हा ओळखली की कसं बोलायचं ते आपोआप ठरतं. विस्तवाशी थोडक्यात बोलायचं. पाण्याची आधी विचारपूस करायची. वाऱ्याला हसवायचं. दगडाला…”

“दगडाला?”

“दगडाला वेळ द्यायचा. समोर बसायचं, डोळ्यांत बघायचं, आणि एकच गोष्ट सावकाश, पुन्हा पुन्हा सांगायची.”

“मग? चारी करून बघितलंस?”

“बघितलं.”

“आणि?”

“जेवण सोडलंय त्यांनी.”

खराटा थांबला.

त्या दिवशी अमावास्या होती. अमावास्येला आमची हळदीची पेठ बंद असते. गाडी नाही, हमाल नाही, नुसती पिवळी धूळ आणि बंद शटरं. अशा दिवशी मी बाबांना उदबत्ती आणि थोडा गूळ नेऊन देतो आणि दोन घटका पायरीवर टेकतो. आभाळ सकाळपासून भरून होतं, पण पडत नव्हतं. भरतेश आला आणि माझ्याकडं न बघताच बोलायला लागला, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं.

भरतेश म्हणजे आदाप्पा मगदुमांचा एकुलता एक मुलगा. आदाप्पा आमच्या पेठेतले सगळ्यांत जुने अडते. शेतकऱ्यानं डोळे मिटून पोती त्यांच्या दारात उतरवावीत, अशी त्यांची पत. मुलाला मात्र त्यांनी पेढीवर बसवलं नाही. लहानपणीच बाहेरगावी शिकायला ठेवलं. तो शिकला, मोठ्या कंपन्यांत माणसांना बोलायला शिकवू लागला, आणि परत येऊन त्यानं इथंच वर्ग काढला. ‘माणूस ओळखा, मग तोंड उघडा’ असा फलक बाहेर. खोटं कशाला बोलू, वर्ग चांगला होता. माझं एक गिऱ्हाईक कधी हाती लागत नव्हतं. भरतेशच्या हिशोबानं ते वारा निघालं. त्याला आधी क्रिकेटवर बोलू दिलं, मग पोती दाखवली. तेव्हापासून ते माझ्याचकडं येतं.

म्हणजे विद्या खोटी नव्हती. तेवढं आधी सांगून ठेवलेलं बरं.

बाबांनी खराटा भिंतीला टेकवला.

“बोलणं कधी बंद झालं त्याचं?”

“झटका आल्यापासून. उजवं अंग गेलं, वाचा गेली.”

“त्याच्या आधी बोलत होता तुझ्याशी?”

भरतेश चौथऱ्याच्या फरशीकडं बघत राहिला.

“…नाही.”

“कधीपासनं?”

“दिवाळीपासून.”

दिवाळीत काय झालं ते पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. व्यापारी भवनात भरतेशचं भाषण होतं. दगड या तऱ्हेवर आला तेव्हा तो म्हणाला, “उदाहरण लांब शोधायला नको, आमच्या घरीच आहे. आमचे वडील. तुम्ही बोला, ते ऐकतात, पण आत काही म्हणून जात नाही. अशा माणसाशी कामापुरतं बोला. मायेनं बोलण्यात वेळ घालवू नका.” सगळी पेठ हसली. शेवटच्या रांगेत आदाप्पा बसले होते, इस्त्रीची टोपी घालून, मुलाचं भाषण ऐकायला. कुणाला सांगून आले नव्हते. त्यांनी हातातला चहा संपवला, कप खुर्चीखाली नीट सरकवला आणि ते उठून गेले.

“ते मागं बसलेत हे मला दिसलं नाही हो बाबा.”

“दिसलं असतं तर बोलला नसतास?”

भरतेश फरशीवरची एक काडी मोडू लागला.

“बरं. माफी मागितलीस?”

“रोज मागतो! दवाखान्यातून घरी आणल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. कॉटजवळ खुर्ची घेतो, त्या दिवसाचं नाव काढतो, म्हणतो, अण्णा, चुकलो, मला क्षमा करा. निदान मानेनं हो म्हणा. ते माझ्याकडं बघतात… आणि मान छताकडं फिरवतात. डॉक्टर म्हणतात, समजतं त्यांना सगळं. मग हो का म्हणत नाहीत? कोणत्या तऱ्हेनं मागू माफी? हा माणूस गेला तर न बोलता जाणार बाबा, आणि मी जन्मभर…”

वाऱ्यानं झाडलेला पाला पुन्हा चौथऱ्यावर आला.

बाबांनी फार हळू विचारलं, “हात चालतो का त्याचा?”

“उजवा गेला. डावा थोडाफार.”

“काय करतो डाव्या हातानं?”

“काही नाही. म्हणजे… मी बसलो की माझा हात पकडतात. अख्खा पंजाच. आणि चादरीखाली ओढून नेतात. डॉक्टर म्हणाले, शिरा आखडतात, मूठ आपोआप मिटते, मनावर घेऊ नका.”

“मग तू काय करतोस?”

“हळूच सोडवून घेतो. त्यांचा हात छातीवर नीट ठेवतो आणि मग बोलायला लागतो. हात अडकलेला असला की ऐकणाऱ्याचं लक्ष बोलण्यावर राहत नाही.” हे शेवटचं वाक्य तो अगदी वर्गात सांगतो तसं म्हणाला.

“रोज?”

“रोज. पण आता चार-पाच दिवस झाले, नाही पकडत. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, शिरा मोकळ्या झाल्या असतील.”

“आणि जेवण कधी सोडलं?”

“चार-पाच दिवस…”

तो थांबला. का थांबला ते त्याला स्वतःलाही कळलं नसावं.

बाबा खाली बसले. खांद्यावरचा हिरवा रुमाल त्यांनी झटकला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. फकिरी घेण्याआधी दस्तगीरबाबा आमच्याच पेठेत दलाल होते. तेव्हा सौदे तोंडी होत नसत, रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसायचे, दोघांच्या उजव्या हातांवर रुमाल पडायचा, आणि आत बोटांनी बोटं दाबून दर सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. आदाप्पा त्यातले राजे. एकदा बाहेरगावचा एक खरेदीदार आला. लाल डोळे, मोठा आवाज, “शेवटचं सांगतो, नाहीतर हा चाललो!” आदाप्पांनी त्याच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, हात तेवढा सैल सोडून बसून राहिले. सौदा त्यांच्याच दरानं झाला. नंतर चहा पिताना म्हणाले, “त्याचं तोंड उठून चाललं होतं, पण हात बसून होता.”

आता लिलाव मोठ्यानं पुकारतात. भरतेशनं रुमाल फक्त ऐकला होता. वर्गात त्यावर त्याचा एक विनोदही असायचा: आपले आजोबा लपून बोलायचे, आपण तोंडावर बोलू या.

“हात दे,” बाबा म्हणाले.

“कशाला?”

“दे रे. तऱ्हा ओळखतोस न्हवं तू? माझी ओळख.”

भरतेशनं हात पुढं केला. बाबांनी तो हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि डोळे मिटले.

भरतेश त्यांच्या चेहऱ्याकडं बघू लागला.

“तोंडाकडं बघू नको. तोंड कुणालाबी कसंबी करता येतंय.”

“मग कुठं बघू?”

“कुठंच न्हाई.”

थोडा वेळ गेला. रुमाल हलत होता. हलत होता तो भरतेशच्या बाजूनं.

“किती बोलतोय रे तुझा हात,” बाबा म्हणाले. “माझ्या हाताला तोंड उघडायची सवड तरी दे.”

भरतेश ओशाळून हसला. रुमाल हलायचा थांबला.

मग रुमालाखाली काहीतरी मोठं हललं. बाबांनी त्याचा अख्खा पंजा मुठीत घेतला होता. धरून ठेवला. सोडला नाही.

भरतेश अवघडला. एकदा त्यानं माझ्याकडं बघितलं. मग अगदी अदबीनं, म्हाताऱ्या माणसाला दुखू नये असा, हात सोडवून बाहेर काढून घेतला.

बाबांनी डोळे उघडले.

“मोडलास की रे.”

“काय मोडलं?”

“सौदा.”

“कसला सौदा बाबा? मला तर काही…”

“बोटं दाबली म्हंजे दर. अख्खा पंजा धरला म्हंजे पक्कं. झालं. मागचं सगळं मिटलं, आता एक शब्द बोलायचा न्हाई.”

“आणि… हात काढून घेतला म्हणजे?”

बाबा रुमालाची घडी घालू लागले.

“बाबा. हात काढून घेतला म्हणजे काय?”

भरतेशनं उत्तर माझ्याकडून मागितल्यासारखं माझ्याकडं बघितलं. मीही मान खाली घातली. पेठेतल्या कुणालाही हे ठाऊक होतं. एकदा पंजा धरल्यावर हात काढून घेणं म्हणजे तोंडावर नाही म्हणणं. त्याहून मोठा अपमान रुमालाखाली नव्हता. असं झालं की जुनी माणसं त्या दिवशी दुसरा सौदा करत नसत, घरी निघून जात.

भरतेश स्वतःच्या हाताकडं बघत बसला. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

“पण… रुमालाखाली तर नुसते दर असतात,” तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. “त्यांना माझ्याशी कसला दर ठरवायचा होता?”

“दर तू सांगत हुतास की. रोज. चुकलो म्हणून. त्यानं कमी-जास्त काय केलं न्हाई. तसाच पंजा धरला.”

बाबांनी रुमालाची शेवटची घडी दाबली.

“डाव्या हातानं आदाप्पानं उभ्या जन्मात सौदा केला न्हवता. कुणी डावा पुढं केला तर उठून जायचा. उजवा गेला म्हणून त्यानं डावा दिला… तुला.”

भरतेश रडला नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो फरशीवर हात ठेवून बसून राहिला, आणि पाला त्याच्या बोटांवरून सरकत गेला.

मग एकदम उसळून म्हणाला, “तुम्हाला ही हाताची भाषा ठाऊक होती, मग आधी का नाही आलात सांगायला? तुमचे जुने दोस्त ना ते?”

“दोन खेपा आलो हुतो.”

“कधी?”

“दारातनं परत लावलंस. शांतता पाहिजे म्हणालास. दुसऱ्या खेपेला पैसं देत हुतास, मागायला आलाय समजून.”

भरतेशनं डोळे मिटून घेतले. लांब कुठंतरी एक शटर वर गेलं आणि परत खाली आलं.

बाबांनी घडी घातलेला रुमाल त्याच्या मांडीवर ठेवला.

तो उठला. पायऱ्या उतरला. शेवटच्या पायरीवर वळून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून, तो कोणत्या तऱ्हेचा, ते मला काही ओळखता आलं नाही.

“आता गेलो… तर ते हात पुढं करतील?”

बाबांनी भिंतीचा खराटा उचलला. उत्तर द्यायचं नसलं की ते असंच करतात.

“बाबा, निदान काय बोलू, एवढं तरी सांगा.”

“बोलू नको. चादरीखाली तू हात घाल.”

“आणि?”

बाबांनी पाला पुन्हा कडेला लोटायला सुरुवात केली. भरतेश जाईना. खराट्याचा आवाज तेवढा येत राहिला… मग पाठमोरेच ते म्हणाले,

“आणि या खेपेला, हात आधी त्याला काढू दे.”