गोगलगायींची पंगत

सोनकीच्या घरात दोनच माणसं, ती आणि तिची आई. आई महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली. घराला लागूनच असलेल्या धोंडूआबांच्या मळ्यातला एक चिमुकला वाफा सोनकी एकटीच राखायची. त्यातला लाल माठ विकला जाईल, तेव्हाच घरची चूल पेटेल! रोपं माणकांसारखी लालचुटुक चमकू लागली, आणि गोगलगायींनी त्यांवर ताव मारला. पानांची नुसती चाळण झाली.

सकाळीच धोंडूआबा मिठाचं मडकं घेऊन आले. "पोरी, संध्याकाळपर्यंत हे त्यांच्यावर टाक. जागच्या जागी विरघळतील. नाहीतर वाफा दुसऱ्याला देईन."

"आबा, त्यांना दुखेल ना!"

"मग काय, पाट मांडून जेवायला घालतेस?" आबा खो खो हसत निघून गेले.

सोनकीनं मूठभर मीठ घेतलं. समोर मधाच्या रंगाची एक इवलीशी गोगलगाय शिंगं हलवत तिच्याकडे बघत होती. सोनकीची मूठ काही उघडेना. तिनं मीठ परत मडक्यात टाकलं.

तोच गोगलगायीची ओलसर वाट चंदेरी लखलखली, आणि तिच्यातून बोटाएवढी परी उभी राहिली! दवासारखे पंख, जांभळा झगा.

"सोनुले, एक इच्छा माग. पण जिच्यानं कुणाचं पोट रिकामं राहील, ती इच्छा मी पुरवत नाही."

सोनकीनं खूप विचार केला. "मग या गोगलगायींना काय हवंय, ते मला ऐकू येऊ दे."

परीनं तिच्या कानांना पंख लावला. किर्र, किर्र! अगंबाई, प्रत्येक गोगलगायीची जीभ म्हणजे हजारो चिमुकल्या दातांची किसणीच! किसता किसता त्या गात होत्या, "पिकलं पान वाढा गं, काकडीची साल वाढा गं!" पिल्लं तर सोनकीच्या घराची चुना दिलेली भिंत किसत होती. "चुना हवा, चुना! आमचे शंख पातळ झालेत."

सोनकी धावलीच. जास्वंदीखाली तिनं केळीचं पान मांडलं. पंगतीत पहिलं वाढतात मीठ! सवयीनं तिचा हात मडक्यात गेला, आणि सगळी शिंगं सर्रकन आत!

"चुकले गं बायांनो!" तिनं जीभ चावली. मिठाच्या जागी तिनं चुना म्हणून अंड्याच्या टरफलांची पांढरीशुभ्र पूड वाढली. मग पिवळी पानं, मग हिरव्या साली.

संध्याकाळी आबा आले आणि बघतच राहिले. वाफ्यात एकही गोगलगाय नव्हती. सगळ्या पंगतीत, किर्र, किर्र!

"खरंच जेवायला घातलंस की गं!" आबांनी कान पकडले. "वाफा तुझाच. उद्याच्या पंगतीच्या साली मी आणतो."

परीनं हसून पंख झटकले. एक सोनेरी ठिणगी भिरभिरत घरात शिरली, आणि महिनाभरानं आई स्वतःच्या पायांनी दारात आली.

"सोनके, कोण गं आलंय जेवायला? मलाही भूक लागलीय."

सोनकीनं दुसरं पान मांडलं, आणि आबांच्या मडक्यातलं चिमूटभर मीठ आईच्या पानात वाढलं. मग ती परीला बोलवायला वळली. जास्वंदीखाली नुसता सोनेरी उजेड लुकलुकला, आणि हळूच विरून गेला.